बायोडाट्यातलं पोहणं

नवी पेठेतल्या एका बोळात, जिना चढून वर गेलं की, टायपिंग आणि झेरॉक्सचं एक दुकान लागतं. बीएस्सीचा निकाल लागल्यावर चौथ्या दिवशी मी तिथं गेले. दुकानातले काका मान वर न करता म्हणाले, "बायोडाटा का? लग्नाचा का नोकरीचा?"

"नोकरीचा."

"मग गणपती नको," असं म्हणत त्यांनी एक फाइल बंद केली आणि दुसरी उघडली.

त्या फाइलमध्ये एक तयार बायोडाटा होता. काकांनी वरचं नाव खोडून माझं टाकलं, पत्ता बदलला, दहावी-बारावीचे टक्के बदलले, 'बीकॉम'चं 'बीएस्सी, केमिस्ट्री' केलं. वडिलांचा व्यवसाय विचारला. वडील ह्याच नवी पेठेत एका साड्यांच्या दुकानात सेल्समन आहेत, म्हणून सांगितल्यावर "व्हय, वळखतो की," म्हणाले आणि 'खासगी नोकरी' असं टाइप केलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. प्रिंट हातात आली तेव्हा गरम होती.

मी उभ्या उभ्या वाचलं. पहिलंच वाक्य इंग्रजीत तीन ओळींचं होतं. आव्हानात्मक वातावरणात स्वतःच्या क्षमतांचा पुरेपूर उपयोग करून संस्थेच्या उत्कर्षाला हातभार लावणे, हे माझं ध्येय होतं. वाचून मला स्वतःबद्दल जरा आदरच वाटला. पुढं मी मेहनती होते, प्रामाणिक होते, दडपणाखाली काम करू शकत होते. अगदी खाली छंद होते: वाचन, संगीत, प्रवास आणि पोहणं.

"काका, मला पोहता येत नाही."

"मग?"

"इथं स्विमिंग लिहिलंय."

"तुला कोण पाण्यात टाकणार हाय? राहू दे की. चांगलं दिसतंय. चारच्या खाली छंद असले की पान रिकामं वाटतंय."

माझ्यामागं दोन मुलं थांबली होती. मी पाच प्रती घेतल्या आणि जिना उतरले.

आमच्या वर्गातली निम्मी मुलं तोवर पुण्याला गेली होती. मलाही जायचं होतं, पण आई म्हणाली, "आधी हितं तर बघ की. हितं कुणी नाही म्हटल्यावर मग पुण्याला जा नाही म्हणून घ्यायला." आईचं बोलणं असं असतं. त्यामुळं मी सोलापुरात अर्ज करायला लागले आणि पहिलं बोलावणं आलं ते चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून. परदेशी माल पाठवणारा कारखाना होता. रंग पक्का आहे का, धुतल्यावर कापड किती आटतं, असलं तपासणाऱ्या विभागात एक जागा होती. केमिस्ट्रीवाली मुलगी त्यांना चालणार होती.

वडिलांनी दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि मला स्कूटरवरून सोडलं. गेटपाशी माझ्या ओढणीची पिन नीट आहे का बघितलं. साड्या दाखवून दाखवून त्यांची नजर तशी झालीय. मग स्वतः पलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

आत बाकावर आम्ही सहाजण होतो. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मागून यंत्रमागांचा आवाज एकसारखा येत होता, आणि प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल होती. माझा नंबर शेवटचा.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या असतील. केस आखूड, डोळ्यांवर चष्मा, टेबलावर रंगीत टॉवेलचे तुकडे पसरलेले. त्यांनी दोन प्रश्न केमिस्ट्रीचे विचारले, ते मला बरे गेले. मग त्यांनी माझ्या बायोडाट्यावर खालपर्यंत बोट फिरवलं.

"स्विमिंग," त्या म्हणाल्या. "छान. कुठं शिकलीस?"

आता तिथंच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "मामाच्या विहिरीत."

मामाची विहीर खरी आहे. अक्कलकोटच्या पुढं त्याचं शेत आहे. त्या विहिरीत डोकावून बघायचीही मला भीती वाटते.

"किती खोल आहे?"

"बरीच आहे."

"सूर मारतेस?"

"कधी कधी."

"आणि पाठीवर पोहायला येतं?"

"पाठीवर…" मी म्हणाले, "पाठीवर जरा कमी."

मॅडमनी चष्मा काढला. शेजारच्या गठ्ठ्यातले पाच बायोडाटे त्यांनी टेबलावर एकेक करून मांडले. ध्येयाच्या तीन ओळी सगळ्यांच्या त्याच. मेहनती आणि प्रामाणिक सगळेच. "हा मुलगा पोहतो," त्या एकेका कागदावर बोट ठेवत म्हणाल्या. "ही मुलगी पोहते. हाही पोहतो. आपल्याकडं नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, आणि इथं अर्ज करणारा प्रत्येक जण पोहतोय."

"मॅडम, मला पोहता येत नाही," मी म्हणाले.

"ते कळलं मला. पाठीवर जरा कमी म्हणालीस तेव्हाच कळलं."

त्या हसल्या, आणि माझ्याही तोंडावर वेडंवाकडं हसू आलं. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "बरं, ते सोड. तुला येतं काय?"

इतकी वर्षं शाळा, कॉलेज, प्रयोगशाळा. पण मला काय येतं हे कुणी विचारलंच नव्हतं. किती मार्क पडले, एवढंच विचारत आले सगळे. मी टॉवेलच्या एका पिवळ्या तुकड्याकडं बघत बसले.

"घरी जा," मॅडम म्हणाल्या, "आणि तू स्वतः जे केलंयस तेवढंच लिहून शुक्रवारी घेऊन ये. एक ओळ झाली तरी चालेल. नोकरी देईन असं मी म्हणत नाही. पण वाचीन."

परत येताना स्कूटरवर वडिलांनी विचारलं, "काय विचारलं गं?"

"पोहण्याबद्दल."

पुढच्या सिग्नलला त्यांनी स्कूटर थांबवली. मग म्हणाले, "टॉवेलचा कारखाना हाय. अंग भिजण्याशी संबंध असंल काहीतरी."

घरी आल्यावर मी वहीतलं एक पान फाडून घेतलं आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी बसले. नाव लिहिलं. शिक्षण लिहिलं. मग पेन थांबलं. मैत्रिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "एनएसएस लिही." मी एनएसएसमध्ये होते, पण एकाच शिबिराला गेले होते आणि तिथंही तापानं पडून होते. "मग कॉम्प्युटर लिही," ती म्हणाली. लिहिलं. "लीडरशिप लिही." मी फोन ठेवला.

आई खाली बसून शेंगा फोडत होती. बराच वेळ माझं खोडणं-लिहिणं बघून म्हणाली, "काय करायलीस एवढं?"

"मी आतापर्यंत काय काम केलं ते लिहायचंय. काहीच नाही केलेलं."

"सातवीच्या पोरांना सायन्स कोण शिकवत होतं? खालच्या घरातली ती दोघं तुझ्यामुळं पास झाली."

"ती शिकवणी होती आई. दोनच पोरं."

"दोन पोरं म्हणजे पोरं नव्हेत का?"

मी लिहिलं. एक ओळ झाली.

आईनं अजून दहा-बारा शेंगा फोडल्या. मग हात न थांबवता म्हणाली, "आणि दवाखान्यात तू जे केलंस ते?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी सेकंड इयरला असताना आईची थोरली बहीण, आमच्या घरच्या बोलीत दोड्डव्वा, अंगणात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिचं गाव अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीत. तिकडची माणसं मोठ्या दुखण्याला सोलापूरच गाठतात. दोड्डव्वाला इथल्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवलं. तिला मराठी कळतं थोडं, बोलता मुळीच येत नाही. आईला घर सोडता येत नव्हतं, म्हणून कॉलेज सुटलं की मी तिच्यापाशी बसायचे, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. तीन आठवडे मी त्या वॉर्डात होते.

पहिल्या दोन दिवसांत लक्षात आलं की वॉर्डातल्या निम्म्या पेशंटांची गत दोड्डव्वासारखीच आहे. सिस्टर मराठीत विचारायच्या, पेशंट कानडीत सांगायचे, आणि दोघंही आवाज वाढवत जायचे. आवाज मोठा केला की भाषा कळते असं सगळ्यांनाच का वाटतं कोण जाणे. आमच्या घरात आईची कानडी आणि वडिलांची मराठी एकाच वाक्यात येते, त्यामुळं मला दोन्ही येतात. एकदा शेजारच्या खाटेवरच्या बाईचं म्हणणं मी सिस्टरना सांगितलं, आणि झालं. त्या दिवसापासून माझं नाव 'कानडी' पडलं. "ए कानडी, सात नंबरला विचार, गोळी घेतली का?" "ए कानडी, ह्यांना सांग, कूस बदलायची नाही म्हणून."

एक सकाळ मात्र मला नीट आठवते. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे होते, विजापूरजवळच्या इंडीकडचे. त्यांचं ऑपरेशन होतं. सिस्टरनी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" आजोबांनी मान हलवली. ती मान हो म्हणून हलली का नाही म्हणून, ते त्यांचं त्यांना ठाऊक. सिस्टरनी कागदावर खूण केली आणि गेल्या. मी सहज त्यांच्यापाशी जाऊन विचारलं, "ऊटा आतेन री अज्जा?" जेवलात का आजोबा, म्हणून.

"इल्ल," ते म्हणाले. जेवलो नाही. मग मला जवळ बोलावून हळूच सांगितलं की जेवण झालेलं नाही, पण पहाटे दोन भाकरी दुधात कुस्करून खाल्ल्यात. त्याला काय जेवण म्हणतात? आणि रिकाम्या पोटानं कुणी अंगाला सुरी लावून घेतं का? त्यात ताकद नको?

मी धावत गेले. सिस्टर आधी माझ्यावरच ओरडल्या, मग आजोबांवर, मग त्यांच्या मुलावर, कारण भाकरी त्यानंच आणून दिली होती. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. त्या दिवशी दुपारी डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "ती मुलगी कोण?" सिस्टर म्हणाल्या, "कानडी." डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "बरं झालं विचारलंस. पोट भरलेलं असताना भूल दिली असती तर जिवावर बेतलं असतं." आणि पुढच्या खाटेकडं गेले. पुढं आजोबा चालत घरी गेले. जाताना मला एक कणीस देऊन गेले.

"ते काय काम होतं का आई?" मी म्हणाले. "मी तर दोड्डव्वापाशी बसले होते."

"मग काय होतं ते?" आई म्हणाली. एवढंच.

मी परत पेन उचललं. इंग्रजीत लिहायचं म्हटल्यावर मोठमोठे शब्द आपोआप यायला लागले, ते खोडले. शेवटी दोनच वाक्यं राहिली. मावशी दवाखान्यात असताना तीन आठवडे तिच्याजवळ राहिले. त्या काळात कानडी बोलणारे पेशंट आणि मराठी बोलणाऱ्या सिस्टर यांच्यामध्ये मी दुभाष्याचं काम केलं. भाकरीची गोष्ट लिहिली नाही. ती सांगायची गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मी पुन्हा बोळातला जिना चढले. काकांनी वाचलं. उलटवून बघितलं.

"मागं काय नाही?"

"नाही."

"अर्धं पान मोकळं राहतंय गं. ध्येय नाही, छंद नाही. निदान वाचन तरी टाकू?"

"नको काका."

"अक्षर मोठं करू का मग?"

"नको."

त्यांनी नाइलाजानं टाइप करायला घेतलं. दवाखान्याच्या ओळीपाशी त्यांची बोटं थांबली. "हे खरं हाय?"

"हो."

"मग वर घे की येडे. खाली कशाला लपवलीस?" आणि त्यांनीच ती दोन वाक्यं शिक्षणाच्या लगेच खाली नेऊन ठेवली. एवढी वर्षं दुसऱ्यांचे बायोडाटे टाइप करून करून त्यांनाही काही कळत होतंच, फक्त कुणी खरं आणून देत नव्हतं.

शुक्रवारी मी एकटीच बसनं चिंचोळीला गेले. मॅडमनी कागद उभ्यानंच वाचला. मग बसून परत वाचला. मला वाटलं, झालं आपलं काम.

"चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "पण ती जागा काल भरली. एका मुलाला कापड तपासायचा दोन वर्षांचा अनुभव आहे."

माझा चेहरा पडला असणार, कारण त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "एक विचारू? हे घेऊन तू माझ्याकडं का आलीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, आण म्हणून."

"तसं नव्हे. इथं मशिनं आहेत. मशिनांशी तू कानडीत काय बोलणार? हा कागद दवाखान्यात ने."

बसमध्ये परत येताना मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. नोकरी नाही ती नाही, वर सल्ला. घरी येऊन उशी तोंडावर घेऊन पडले. दोन दिवसांनी राग ओसरला तेव्हा दवाखान्यांची यादी काढली.

पहिल्या ठिकाणी कागद गेटवरच्या माणसानं ठेवून घेतला, त्याचं पुढं काय झालं माहीत नाही. दुसऱ्या ठिकाणी त्यांना नर्सिंग झालेली मुलगी हवी होती. तिसऱ्या दवाखान्यात व्यवस्थापक स्वतः काउंटरमागं उभे होते, कारण काउंटरवरची मुलगी रजेवर होती आणि समोर रांग लागली होती. मी कागद दिला. त्यांनी वाचायला घेतला, एवढ्यात रांगेतल्या एका बाईंनी खिडकीतून फाइल आत ढकलली आणि भराभर बोलायला सुरुवात केली. सोबत नवरा होता, तोही बोलत होता. दोघंही कानडीत.

व्यवस्थापकांनी माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. "हे खरं आहे ना?" आठ-दहा दिवसांत हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला जात होता.

"खरं आहे, सर."

"मग आत या."

मी काउंटरच्या आत गेले. बाईंचं म्हणणं असं होतं की त्यांच्या नवऱ्याला आज बोलावलंय, पण डॉक्टर कुठल्या मजल्यावर बसतात ते सकाळपासून कुणी सांगत नाही. मी विचारायला तोंड उघडलं, आणि पहिल्याच वाक्याला बाई नवऱ्याकडं बघून हसल्या. त्या विजापुराच्याही पलीकडच्या होत्या, आणि माझी कानडी आमच्या घरातली, मराठी कालवलेली. पण कळलं त्यांना. मी फाइल बघितली, मजला सांगितला, लिफ्टपर्यंत पोचवून आले. परत आले तेव्हा काउंटरपाशी अजून तिघं थांबले होते. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. दुपारी दीडला रांग संपली तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "उद्या नऊला या. तीन महिने बघू."

मी घरी फोन केला. वडील दुकानात होते, मागं गिऱ्हाइकाचा आवाज येत होता. ते म्हणाले, "थांब, एक पैठणी घडी करतो," आणि फोन चालूच ठेवला. मग गिऱ्हाइकाला सांगताना ऐकू आलं, "पोरगी लागली बघा दवाखान्यात. व्हय, आजच." त्या बाईंनी साडी घेतली की नाही माहीत नाही.

पहिल्या आठवड्यात माझ्या हातून चुका झाल्या. एका पेशंटला रक्ताऐवजी एक्स-रेच्या रांगेत उभं केलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना वय विचारलं तर ते चिडले, आणि मी त्यांच्या फाइलवर अंदाजानं साठ लिहिलं. ते शहात्तरचे निघाले आणि खूश झाले. हळूहळू हात बसला. कानडी पेशंट आले की सगळ्या मजल्यांवरून मला हाक यायची. मला वाटायला लागलं की आता आपलं सगळं जमलं.

मग एका सकाळी शहराच्या पूर्व भागातून एक आजी आल्या. एकट्याच. त्यांचं घराणं विणकरांचं, आणि त्या फक्त तेलुगूत बोलत होत्या. मी मराठीत विचारलं, कानडीत विचारलं. त्या पोटाला हात लावायच्या, मग पाठीला, मग माझ्या खांद्याला, आणि माझा आवाज वाढत चालला होता. वाढतोय हे माझंच मला ऐकू येत होतं.

तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या ताई पोछा भिंतीला टेकवून आल्या. आजींच्या शेजारी बसल्या आणि सावकाश त्यांच्याशी बोलायला लागल्या. दोन मिनिटांत सगळं कळलं: दुखणं कधीपासूनचं आहे, मुलगा कुठं गेलाय, गोळ्या कुठल्या चालू आहेत. मी फाइलवर लिहून घेतलं. आजी आत गेल्यावर मी ताईंना म्हणाले, "मला पण शिकवा की हे."

"तुला कशाला? मी हाय की."

"तुम्ही रजेवर असला की?"

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्यापाशी जिन्यात जाऊन बसले. पहिलं वाक्य त्यांनी दिलं ते 'एक्कड नोस्तुंदी', कुठं दुखतंय. मी म्हटलं. त्या भाकरीचा घास हातात धरून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी परत म्हटलं. "अजून हाय थोडं कच्चं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डब्यातली लाल चटणी माझ्या पोळीवर वाढली.